राखण आणि टेहळणी

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात २०११ च्या जून महिन्यात सहा गायी शेजाऱ्याच्या रानात शिरल्या. आपल्याकडे अशा वेळी गुरे कोंडवाड्यात जातात, दंड भरून सुटतात आणि दोन घरांतले बोलणे वर्ष-सहा महिने बंद पडते. तेथे ज्याच्या रानात गायी शिरल्या त्याने त्या परत देण्याचेच नाकारले. शेरीफ हुकूमनामा घेऊन गेला, तेव्हा त्या कुटुंबाने बंदुका दाखवून आपल्याला परत धाडले, असे त्याचे म्हणणे. मग त्याने सीमेचे संरक्षण करणाऱ्या खात्याकडे मदत मागितली. त्या खात्याचे प्रिडेटर जातीचे एक मानवविरहित विमान, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ड्रोन म्हणतात ते, कॅनडाच्या सरहद्दीवरील फेरी आटोपून तळाकडे परतत होते. ते त्या शेतावर घिरट्या घालीत राहिले. माणसे कोठे आहेत, त्यांच्या हाती शस्त्र आहे की नाही, हे वरून दिसत होते. ती निःशस्त्र आहेत अशी खात्री पटताच खाली पोलीस पुढे सरसावले आणि त्यांनी अटक केली. गोळी सुटली नाही, कोणाचा जीव गेला नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम निवडली आहे. राज्यसत्तेच्या डोळ्यांविषयी लिहिताना छळाच्या, तुरुंगाच्या, हुकूमशहांच्या कथा सांगण्याचा प्रघात आहे. त्या खऱ्याही असतात. परंतु त्यांच्यामुळे विचाराची एक सोय होते आणि एक गैरसोयही होते. सोय ही की, दोष कोठे आहे ते तत्काळ दिसते. गैरसोय ही की, दोष केवळ दुरुपयोगातच असतो असा आपला ग्रह होतो; पाहणारा सज्जन असेल, कायद्याने वागणारा असेल, तर पाहण्यात वावगे काहीच नाही असे आपण मानू लागतो. गायींच्या या प्रकरणात पाहणाऱ्याने कोणाचे वाईट केले नाही. उलट एखादी चकमक टळली असेल. विमानाच्या वापरावर घेतलेला आक्षेप न्यायालयानेही पुढे फेटाळला. असे असूनही मनात काहीतरी सलते. हे सलणे म्हणजे नव्या यंत्राविषयीची जुनी भीती, की त्याच्या मुळाशी काही नैतिक तथ्य आहे? मला येथे एवढेच तपासून पाहायचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ते विमान अमेरिकन सैन्याचे नव्हते. सीमाखात्याचे होते आणि त्यावर शस्त्र नव्हते. पण यंत्रालाही कुळ असते. हे विमान ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या विमानांनी २००१ पासून अफगाणिस्तानात क्षेपणास्त्रे डागली. तासन्तास एका जागी घिरट्या घालणे, खालच्या माणसाला न दिसता त्याला पाहणे आणि पाहता पाहता तो लक्ष्य आहे की नाही हे ठरवणे, यासाठीच त्याची घडण झाली. ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ या आपल्या दोन शब्दांत जे अंतर आहे तेवढेच अंतर या यंत्राने ठेवले आहे, असे म्हटले तरी चालेल.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर थोडे थांबू. पाहण्याच्या क्रियेला मराठीत जे शब्द आहेत ते एकमेकांचे नुसते पर्याय नाहीत. शेताची राखण होते, दारावर पहारा असतो, संशयितावर पाळत ठेवतात आणि शत्रूची टेहळणी करतात. माळ्यावर गोफण घेऊन बसलेला पोरगा राखण करतो. ज्याच्याकडे तो पाहतो ते पीक त्याचे स्वतःचे असते, ते वाढावे अशी त्याची इच्छा असते. पहारेकरी घराकडे पाठ करून उभा राहतो. पाळत ही एका विशिष्ट माणसावर, काही कारणाने, काही काळपुरती असते. ती योग्य की अयोग्य याचा वाद घालता येतो, कारण तिला नाव आणि निमित्त असते. टेहळणीला यांपैकी काहीच लागत नाही. ती अमुक एका माणसाची नसते, साऱ्या मुलुखाची असते. त्या मुलुखातला प्रत्येक जण शत्रू असेलच असे नाही. पण कोण आहे आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार पाहणाऱ्याने स्वतःकडे घेतलेला असतो. म्हणूनच गडावरच्या टेहळणीच्या बुरुजाचे तोंड गडाबाहेर असते.

स्वदेशाच्या भूमीवर, स्वदेशाच्याच माणसांकडे लष्करी यंत्रातून पाहणे म्हणजे त्या बुरुजाचे तोंड आत वळवणे होय. हे वळवणे हीच इजा आहे. पुढे कोणाला काही झाले तर ती दुसरी इजा. माझे म्हणणे थोडक्यात हे आहे आणि त्याला अनेक बाजूंनी हरकत घेता येईल.

पहिली हरकत अशी : पोलीसही पाहतात, सैनिकही पाहतात, पाहणे ते पाहणे, गणवेशाच्या रंगाने त्यात काय फरक पडतो? फरक पडतो, तो पाहण्याचा शेवट कोठे होतो यामुळे. पोलिसाने जे पाहिले ते अखेर न्यायालयात मांडावे लागते. तेथे पाहणाऱ्याला पुढे यावे लागते, शपथ घ्यावी लागते, उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. ज्याला पाहिले त्यालाही तेथे तोंड असते. सैनिकाचा धर्म निराळा आहे. त्याच्या पाहण्याचा शेवट प्रहारात होतो किंवा वरिष्ठाकडे जाणाऱ्या अहवालात होतो. शत्रूला बाजू मांडण्याची संधी द्यावी असे कोणतेही युद्धशास्त्र सांगत नाही आणि सांगूही नये. यात सैनिकाला कमी लेखण्याचा हेतू नाही. सुऱ्याने शस्त्रक्रिया करतात आणि भाजीही चिरतात. पण शल्यचिकित्सकाचा सुरा स्वयंपाकघरात आणला तर त्याचाही अपमान आणि भाजीचाही धोका.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे, कारण ती लोकांच्या गरजेतून येते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या रानाला प्रचंड वणवा लागला. ‘रिम फायर’ या नावाने तो ओळखला जातो. धुराच्या आडून आग कोणत्या बाजूला सरकते आहे हे पाहण्यासाठी त्या राज्याच्या नॅशनल गार्डने आपले प्रिडेटर विमान वर पाठवले आणि ते विझवणाऱ्यांच्या कामी आले. याला कोण नको म्हणेल? मीही म्हणणार नाही. वणव्याकडे पाहणे म्हणजे माझ्या शब्दांत राखण आहे. यंत्र टेहळणीचे असले तरी वृत्ती राखणीची आहे. अडचण अशी की यंत्र एकदा दारात आले की वृत्ती बदलायला वेळ लागत नाही, आणि ती बदललेली बाहेरून दिसत नाही. विमान तेच, उंची तीच, घिरटीही तीच.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी या विषयावर तयार केलेला एक अहवाल २०१६ मध्ये माहितीच्या कायद्याखाली बाहेर आला. सैन्याची मानवविरहित विमाने २००६ पासून सुमारे दहा वर्षांत देशांतर्गत मुलकी कामांसाठी वीसहूनही कमी वेळा वापरली गेली, त्यात कायद्याचा भंग आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष. आकडा लहान आहे आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. पण त्याच अहवालात दोन गोष्टी अशा आहेत की, त्या वाचून मी बराच वेळ विचार करीत होतो. एका गावच्या नगराध्यक्षाने मरीन सैन्याकडे विनंती केली होती की, तुमच्या विमानाने आमच्या रस्त्यांवरचे खड्डे शोधून द्या. आपल्या मुंबई-पुण्याच्या वाचकांना या नगराध्यक्षाविषयी ममत्व वाटेल. मरीन सैन्याने ती विनंती नाकारली. पण कोणत्या कारणाने? नागरी कामात सैन्याने पडू नये म्हणून नव्हे, तर त्या कामगिरीत लष्करीदृष्ट्या काही अर्थ नव्हता म्हणून. दुसरी गोष्ट अशी की, परदेशातील फौजा कमी होऊ लागल्यापासून या विमानांवर सराव करण्याच्या संधी घटल्या आहेत, असे अनेक तुकड्यांनी महानिरीक्षकांना सांगितले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे काम मागणारा नगराध्यक्ष, दुसरीकडे काम शोधणारे यंत्र. यात कोणीही दुष्ट नाही. नगराध्यक्षाला रस्ते दुरुस्त करायचे आहेत, वैमानिकाला हात चालू ठेवायचा आहे. युद्धासाठी घेतलेले महागडे यंत्र युद्ध ओसरल्यावर गंजत पडावे, असे कोणत्याही काटकसरी मनाला वाटणार नाही. माणसाचे स्वातंत्र्य हुकूमशहाच्या टाचेखालीच जाते असे नाही; घरातली वस्तू वाया जाऊ नये या गृहिणीच्या नेकीनेही ते हळूहळू आक्रसते. हुकूमशहाशी लढण्याचे शास्त्र माणसाने पुष्कळ लिहिले आहे. या नेकीशी कसे लढावे हे मात्र कोणी सांगत नाही.

आता आपल्याकडची, आणि बहुतेक सर्वत्र ऐकू येणारी तिसरी हरकत. कर नाही त्याला डर कशाला? ही म्हण मला फार प्रिय आहे आणि म्हणूनच तिचा असा वापर मला खटकतो. ही म्हण कोण, कोणाला उद्देशून म्हणतो ते पाहावे. ज्याच्यावर आळ आला तो छाती पुढे काढून आळ घेणाऱ्याला ती ऐकवतो. तिच्यात आळ घेणारा समोर आहे, आळ कसला ते ठाऊक आहे आणि उत्तर देण्याला जागा आहे. वीस हजार फुटांवरून जो पाहतो त्याला ही म्हण ऐकवायची तरी कशी? तो कोण, त्याने काय पाहिले, पाहिलेले कोठे साठवले, हे जिथे माहीतच नाही तिथे निर्भयपणा हा गुण उरत नाही, तो अज्ञानाचा एक प्रकार होतो. शिवाय ही म्हण आरोपीची आहे. पाहणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. त्याच्या तोंडी गेली की तिची धमकी होते.

हा प्रश्न या विमानांनीच प्रथम उभा केला असेही नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट आणि इतर शहरांत दंगली झाल्या, सैन्य बोलवावे लागले आणि त्यानंतर अमेरिकन सैन्याच्या हेरखात्याने आपल्याच नागरिकांची माहिती गोळा करण्याचा सपाटा लावला. १९७० च्या जानेवारीत ख्रिस्तोफर पाइल या माजी लष्करी अधिकाऱ्याने एका मासिकात लेख लिहून हे उघड केले. साध्या वेशातले सुमारे १५०० लष्करी हेर देशभर सभा, मोर्चे, भाषणे टिपून घेत होते. ज्यांची टिपणे झाली ते बहुतेक शांततेने वागणारे लोक होते. युद्धविरोधक होते, नागरी हक्कांचे कार्यकर्ते होते. सिनेटर सॅम अर्विन यांनी १९७१ मध्ये चौकशी चालवली. काही नागरिक न्यायालयात गेले आणि तो खटला ‘लेर्ड विरुद्ध टेटम’ या नावाने १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

फिर्यादींचे म्हणणे असे की, सैन्य आपल्याला पाहत आहे या जाणिवेनेच लोकांचे बोलणे गारठते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, अशा मनोगत गारठ्याला इजा म्हणता येत नाही; प्रत्यक्ष काय बिघडले किंवा निश्चित काय बिघडणार आहे ते दाखवा, एरवी दाद मागण्याचा अधिकार तुम्हाला नाही. या पाच मतांतले एक न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे होते. न्यायमूर्ती होण्यापूर्वी न्यायखात्याचे अधिकारी म्हणून त्यांनी याच विषयावर सिनेटच्या समितीपुढे सरकारची बाजू मांडली होती, आणि खटल्यातून बाजूला होण्यास त्यांनी नकार दिला. ते असो. मला त्या निकालातला विचार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पुष्कळशा सज्जन माणसांचा विचार आहे. इजा म्हणजे काहीतरी घडलेले असले पाहिजे. नुसते पाहिले म्हणजे काय घडले?

घडते ते असे. मोर्चाला जाणारा माणूस आपल्या सरकारशी काही बोलायला निघालेला असतो. तो रागावलेला असेल, चुकत असेल, पण तो या नात्याने निघालेला असतो की, हे राज्य माझे आहे आणि माझे ऐकणे त्याचे कर्तव्य आहे. त्याच्या डोक्यावर सैन्याचा डोळा आला की त्या नात्यातले एक टोक निसटते. तो बोलणारा राहत नाही. ज्याच्याविषयी बोलले जाते तो होतो. त्याने भीती बाळगली नाही, घरी परतला नाही, आवाज खाली आणला नाही, तरी हे झालेच. धीट माणसाच्या मनात गारठा उतरणार नाही, म्हणून त्याला इजा झाली नाही असे म्हणणे म्हणजे, मार सहन करणाऱ्याला लागतच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आकाशातून पाहण्याविषयी न्यायालयांनी आणखी एक युक्तिवाद पुढे केला आहे. १९८६ च्या सिराओलो खटल्यात पोलिसांनी १००० फुटांवरून विमानातून एका घराच्या परसात लावलेला गांजा पाहिला. भोवती दोन कुंपणे होती, त्यांतले आतले दहा फूट उंच. न्यायालय म्हणाले, त्या उंचीवरून जाणाऱ्या कोणालाही हे दिसले असते. तेव्हा यात खाजगी ते काय? १९८९ च्या रायली खटल्यात हेलिकॉप्टर ४०० फुटांवर उतरले आणि निकाल तोच राहिला. ‘कोणालाही दिसले असते’ या तीन शब्दांवर ही सारी इमारत उभी आहे. पण वाटसरू पाहतो आणि विसरतो. त्याचे विसरणे हाच आपल्या सामाजिक स्वातंत्र्याचा एक न लिहिलेला कायदा आहे. शेजारणीने मला आज रस्त्यात पाहिले, उद्या दुसऱ्या कोणी बाजारात पाहिले, परवा तिसऱ्याने दवाखान्याच्या पायरीवर पाहिले. ही तिन्ही पाहणी एकत्र येऊन कधी एक वही होत नाहीत, म्हणून मी मोकळा असतो. आपल्या पुराणात अशी वही एकट्या चित्रगुप्तापाशी आहे, आणि ती माणूस मेल्यावर उघडते. ती कोतवालाकडे जात नाही, ही त्या कल्पनेतली मोठी माणुसकी आहे.

ती वही जिवंतपणी उघडली ती बॉल्टिमोर शहरात. इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पेरलेल्या सुरुंगांचा माग काढण्यासाठी अमेरिकन सैन्याकरता एक पद्धत तयार झाली होती. विमान उंचावरून साऱ्या शहराचे दर सेकंदाला छायाचित्र घेते. स्फोट झाला की चित्रे उलट फिरवायची आणि सुरुंग पुरणारा कोठून आला ते पाहायचे. ती घडवणाऱ्या हवाई दलातील निवृत्त अधिकाऱ्याने पुढे स्वतःची कंपनी काढली आणि तिचे विमान २०१६ मध्ये बॉल्टिमोरवर उडू लागले. त्यात वैमानिक होता, म्हणजे ते ड्रोन नव्हते. पण डोळा तोच होता. शहराच्या लोकांना तर सोडाच, त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींनाही त्याचा पत्ता नव्हता. बोभाटा झाल्यावर ते थांबले, आणि २०२० मध्ये उघडपणे, करार करून, सहा महिने पुन्हा उडाले. त्याच्या चित्रात माणूस म्हणजे एक ठिपका दिसे. चेहरा नाही, रंग नाही, स्त्री की पुरुष तेही नाही. पुरस्कर्ते म्हणत, ठिपक्याला कसले आले खाजगी जीवन?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या दर्शनांत साक्षी म्हणून एक कल्पना आहे. तो केवळ पाहतो, त्याला काही हवे नसते, म्हणून त्याच्या पाहण्याने कोणाला बंधन पडत नाही. विमानाचे पुरस्कर्ते जणू असेच म्हणतात की, हे यंत्र साक्षी आहे. परंतु या साक्ष्याला पाठवणारा आहे, त्याच्या इंधनाचा खर्च देणारा आहे, आणि त्याने काय शोधायचे हे आधी ठरलेले आहे. ठिपका रात्री एका घरात शिरतो आणि सकाळी त्याच घरातून निघतो. घराला पत्ता असतो, पत्त्याला नाव असते. २०२१ च्या जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाने निसटत्या बहुमताने नेमके हेच ओळखले आणि ती योजना घटनाबाह्य ठरवली. ठिपक्याची वाट म्हणजे माणसाची ओळख, असे त्या निकालाचे सार सांगता येईल.

पण त्या निकालातले विरोधी मतही वाचले पाहिजे. न्यायमूर्ती विल्किन्सन यांनी बॉल्टिमोरच्या मृतांकडे बोट दाखवले. सुमारे सहा लाख वस्तीच्या त्या शहरात २०१५ पासून दरवर्षी तीनशेच्या वर खून होत होते. २०१९ मध्ये ३४८ झाले. त्यातले बहुतेक बळी काळे, तरुण आणि गरीब. ज्या आईचा मुलगा कोपऱ्यावर मारला गेला आणि साक्षीदार म्हणून कोणी पुढे येत नाही, तिला आकाशातला एक साक्षीदार मिळत असेल, तर आम्ही पुस्तकी माणसांनी तिला स्वातंत्र्याची व्याख्या ऐकवायची काय? या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे पडेल असे उत्तर नाही. एवढे मात्र म्हणतो की, त्या वस्तीत साक्षीदार पुढे येत नाहीत ते डोळे कमी आहेत म्हणून नव्हे. त्यांनी पाहिलेले असते. त्यांचा पोलिसांवर विश्वास नसतो. जो विश्वास जमिनीवर तुटला आहे तो आकाशातून सांधता येत नाही. उलट, आता तुमच्या साक्षीची आम्हाला गरजच नाही, असा त्या विमानाचा अर्थ होतो. त्या आईला हे उत्तर पटेलच असे मी म्हणत नाही.

तेव्हा सैन्याने स्वदेशात पाऊलच टाकू नये काय? येथे इतिहास आपली फजिती करतो. अमेरिकेत मुलकी कायदा राबवण्यासाठी सैन्य वापरू नये असा १८७८ चा कायदा आहे. ‘पॉसी कोमिटेटस’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि नागरी स्वातंत्र्याचा एक खांब मानला जातो. पण तो जन्मला कसा? यादवी युद्धानंतर दक्षिणेत केंद्र सरकारचे सैनिक नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या मतदानाचे रक्षण करीत होते. ते तेथून कायमचे हलावेत अशी दक्षिणेतल्या गोऱ्यांची इच्छा होती, आणि त्या राजकारणातून हा कायदा आला. स्वातंत्र्याच्या या खांबाच्या पायात दुसऱ्याचे स्वातंत्र्य पुरलेले आहे. पुढे १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलांना शाळेत जाता यावे म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या हवाई डिव्हिजनचे सैनिक पाठवले, तेव्हा सैन्याचे स्वदेशात येणे हीच न्यायाची बाजू होती.

मला त्या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटते. ते सैनिक रस्त्यावर उभे होते. मुले त्यांना पाहू शकत होती, आरडाओरडा करणारा जमावही त्यांना पाहू शकत होता. कोणाच्या हुकमाने ते आले हे जगजाहीर होते. त्या हुकमाखाली एका माणसाची सही होती आणि त्याबद्दल त्याला शिव्याशापही खावे लागले. म्हणजे बंदुका हातात असूनही ती राखण होती. आपल्या जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा करणारा जागल्या हाळी देत फिरत असे. चोराला सावध करण्याचा हा अजब प्रकार आहे असे कोणी विनोदाने म्हणेल. पण ती हाळी चोरापेक्षाही घरात निजलेल्यांसाठी होती : मी जागा आहे, मी अमुक ठिकाणी आहे, आणि मी तुमच्यातलाच आहे. पाहणाऱ्याने आपण पाहत आहोत हे पाहिले जाणाऱ्याला कळू देणे, ही त्या पहाऱ्यातली नीती होती.

मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि लोक रस्त्यावर आले, तेव्हा २९ मे २०२० रोजी सीमाखात्याचे प्रिडेटर त्या शहरावर घिरट्या घालीत होते. कोणती सरहद्द तेथे होती? कोणी हाळी दिली नाही; विमानांचे मार्ग घरबसल्या न्याहाळण्याचा छंद असलेल्या काही लोकांना नकाशावर ती घिरटी दिसली, म्हणून देशाला कळले. नंतर असे बाहेर आले की, त्या दिवसांत या खात्याच्या विमानांनी व हेलिकॉप्टरांनी पंधरा शहरांवर मिळून किमान २७० तास चित्रण केले. त्याच सुमारास नॅशनल गार्डची टेहळणीची विमाने, वैमानिक असलेली, वॉशिंग्टनसह काही शहरांवर फिरली. अधिकाऱ्यांचा खुलासा असा की, चेहरे ओळखू येतील इतके बारकावे त्या चित्रांत नव्हते. पुन्हा ठिपकाच.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम आला तो आकाशातून नव्हे, दारावरच्या थापेतून. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग यांच्यावर दरोड्याचा आळ आला, पुराव्याअभावी ते सुटले, पण पोलिसांनी त्यांच्या नावाची वही उघडली. घराबाहेर गुप्त पाळत आणि मध्यरात्री दार ठोठावणे सुरू झाले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचे दार ठोठावणे रद्द केले, पण बाहेरची पाळत राहू दिली, कारण पाहिल्याने माणसाच्या हिंडण्याफिरण्यात अडथळा येत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही. त्यांच्या मते, जो सतत दुसऱ्याच्या नजरेखाली चालतो त्याच्या पायात बेडी नसली तरी त्याचे चालणे स्वतंत्र नसते. न्यायमूर्ती शहा त्यांच्याशी सहमत झाले. बाकीचे झाले नाहीत. हे अल्पमत पंचावन्न वर्षे ग्रंथात पडून होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि खरकसिंग निकालातले, असा हक्कच नाही म्हणणारे बहुमत मोडीत काढले.

टेटम खटल्यातल्या चार न्यायमूर्तींच्या, डग्लस, ब्रेनन, स्ट्युअर्ट आणि मार्शल यांच्या, अल्पमताला मात्र हे भाग्य अजून लाभलेले नाही. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नॅशनल गार्ड आणि सुमारे ७०० मरीन उतरवण्यात आले, आणि वर सीमाखात्याची प्रिडेटर विमाने फिरत होती. या वेळी खात्याने ते लपवलेही नाही; वरून टिपलेली निदर्शनांची चित्रफीत सरकारने स्वतःच लोकांपुढे ठेवली. खाली जे चालत होते, त्यांतल्या कोणी न्यायालयात जाऊन, सैन्याच्या या डोळ्याने मला काय झाले, हे सांगू म्हटले असते, तर त्याला पहिला प्रश्न १९७२ चाच विचारला गेला असता.